पासष्ट हजार कुठं बसवलेत?

शोरूमच्या चकचकीत फरशीवर, पांढऱ्याशुभ्र वेलोरा गाडीखालून फक्त दोन पाय बाहेर आलेले दिसत होते. पायांत एसटीतून मिळालेले काळे बूट, तेही पॉलिश केलेले. ते माझे वडील होते.

"काका, असं खाली झोपता येत नाही इथं," टाय लावलेला सेल्समन वाकून म्हणाला.

"येतंय की," गाडीखालून आवाज आला. "झोपलोय बघा."

मी दुसरीकडं बघत उभी राहिले. काचेतून हायवेवरची वाहतूक दिसत होती आणि त्या क्षणी मला त्यातल्या कुठल्याही ट्रकमध्ये बसून बंगळूरला निघून जायला आवडलं असतं.

आप्पा बाहेर आले, कपडे झाडले. "खालून सगळं निकीसारखंच हाय की हो. तसलाच सायलेन्सर, तसल्याच नळ्या. आता मला सांगा, निकी साडेतीन लाख. ही तुमची वेलोरा चार लाख पंधरा. मधले पासष्ट हजार कुठं बसवलेत, तेवढं दाखवा. मग मी बुकिंग करतो."

"काका, वेलोरा म्हणजे ब्रँड आहे. लोकांचा विश्वास आहे."

"बरं. तो कुठं असतोय? बॉनेटखाली का डिकीत?"

सेल्समन हसला, पण आप्पा हसले नाहीत. ते चेष्टा करत नव्हते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. सेल्समनने मग हुकमाचं पान काढलं. दार उघडलं आणि सोडून दिलं. धप्प. "हा आवाज ऐका काका. निकीचं दार असं लागत नाही."

आप्पांनी दार स्वतः चार वेळा लावून बघितलं. पाचव्यांदा कान जवळ नेऊन लावलं. "आवाज झ्याक हाय," ते म्हणाले. "पर ह्या दाराची बिजागरी ह्या माझ्या पोरीच्या कारखान्यात होतीया. आणि निकीचीबी तिथंच होतीया. विचारा तिला."

सेल्समनने माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. खोटं नव्हतंच ते.

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. आप्पा गारगोटी डेपोला एकतीस वर्षं एसटी ड्रायव्हर होते. इतकी वर्षं दुसऱ्याची गाडी हाकून त्या मेमध्ये रिटायर झाले, आणि फंड हातात पडल्यावर त्यांनी एकच गोष्ट मागितली: स्वतःची चारचाकी. घरात तोवर एक सायकल होती. आईने फार ओढून धरलं नाही. "एकदाची घ्या आणि मला नरसोबाच्या वाडीला न्या," एवढंच ती म्हणाली. पण आप्पांना गाडी घेण्यापेक्षा ती समजून घेण्यातच जास्त रस. सहा आठवडे ते कोल्हापुरातल्या शोरूममधून फिरत होते. सेल्समन लोक त्यांना लांबून ओळखायला लागले होते, आणि काहींना तर त्यांना बघितलं की नेमकं त्याच वेळी जेवायला जायचं असायचं.

मी तेव्हा मेकॅनिकलचा डिप्लोमा करून गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत तपासनीस म्हणून लागले होते. पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग काढणारा छोटा कारखाना, अठरा माणसं, त्यांत बाई मी एकटी. मालक चौगुले घर मागच्याच बाजूला बांधून राहायचे. मालकीणबाईंच्या हातचा चहा दिवसातून दोनदा यायचा आणि त्यात साखर इतकी असायची की चमचा उभा राहील. आम्ही दाराच्या बिजागरीचं पान करायचो, वेलोराला आणि निकीला. निकीवाल्यांनी वेगळ्या साच्याचा खर्च वाचवायला माप वेलोराचंच घेतलं होतं. साचा एक, पत्रा एक, माणसं तीच.

माझं काम पानाला पाडलेलं भोक तपासायचं. त्यासाठी हातात बोटभर लांबीचा लोखंडी गेज असायचा. त्याचं एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. तसं झालं की नग हिरव्या क्रेटमध्ये. दुसरं टोकही सुळकन आत गेलं तर भोक मोठं झालंय. तो नग लाल क्रेटमध्ये, म्हणजे भंगारात. भोक मोठं असलं की खीळ ढिली बसते आणि दोन-तीन वर्षांत दार खाली उतरतं. मग लावताना ते एका हाताने उचलून लावावं लागतं. अशा गाड्यांत तुम्हीही कधी बसला असाल.

पण माणसाच्या हातच्या कामात तिसरी एक जात असतेच. गेजचं दुसरं टोक तसं जात नाही, पण अंगठ्याने दाबलं की जातं. अशा नगांसाठी पिवळा क्रेट होता. आमचे वयस्कर बाबगोंडा मिस्त्री होते, त्यांनी त्याच्यावर ऑइलपेंटने ठसठशीत लिहून ठेवलं होतं: चालतंय.

पिवळा क्रेट निकीला जायचा. निकीच्या ड्रॉइंगवर मापं तीच होती, पण ती बघायला निकीचा माणूस कधी आला नाही. टेम्पो यायचा, नग मोजून घ्यायचा आणि जायचा. संख्या बरोबर भरली की त्यांचं समाधान. तपासणीच्या कागदावर खाली सही माझी. तीन वर्षं हे चाललं होतं आणि त्यात काही चुकतंय असं मला खरोखर वाटलं नव्हतं. पहिल्या पंगतीला जिलेबी गरम मिळते, शेवटच्या पंगतीला गार मिळते. त्यात आचाऱ्याचा दोष काय, असं काहीतरी मी मनाशी धरलं असावं.

वेलोराचं तसं नव्हतं. त्यांचा इन्स्पेक्टर पंधरा दिवसांनी यायचाच. त्या वर्षी नवा आला होता. मुरुगेसन नावाचा, तिकडं तिरुनेलवेलीचा. शाळेत हिंदीच्या परीक्षा दिलेल्या, त्यामुळे अक्षरं वाचता यायची. मराठी मात्र कळायची नाही. त्याला दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची सवय होती. आल्याआल्या दारातली पाटी वाचायचा, "ये-थे थुं-कू न-ये," आणि खूश होऊन आमच्याकडं बघायचा. आम्हीही कौतुकाने माना हलवायचो.

त्या गुरुवारी वेलोराचा ट्रक दारात उभा होता आणि माल दोनशे चाळीस नग कमी पडत होता, कारण सकाळीच प्रेसचा भोक पाडणारा पंच मोडला होता. ट्रक वेळेत पोचला नाही तर तिकडं गाड्यांची लाइन थांबते, आणि लाइन थांबली की पुरवठादाराची धडगत नसते. मुरुगेसन साहेब हजर. मालक घाम पुसत इकडून तिकडं फिरत होते. साहेब मात्र शांतपणे पाट्या वाचत वाचत मागच्या भिंतीपर्यंत गेले आणि पिवळ्या क्रेटपाशी थांबले.

"चा-ल-तं-य," त्यांनी वाचलं. "ये क्या है?"

सगळ्यांचे हात जागच्या जागी राहिले. मालकांनी माझ्याकडं बघितलं, मी बाबगोंडा मिस्त्रींकडं बघितलं, मिस्त्रींनी वर पत्र्याकडं बघितलं. मालकांचं हिंदी कामापुरतं आणि इंग्रजी त्याहून कामापुरतं. ते दोन पावलं पुढं झाले.

"चालतंय म्हणजे साहेब... रनिंग. रनिंग!"

"रनिंग लॉट?"

"येस. रनिंग."

चालू उत्पादनातलाच माल आहे असं समजून साहेबांचा चेहरा उजळला. "तो फिर ट्रक क्यों रोका है?"

त्यांनी माझ्या हातातून गेज घेतला. क्रेटमधले वरचे पाच नग उचलले आणि शिकलेल्या माणसासारखं, हलक्या हाताने तपासले. दुसरं टोक जाईना. न दाबता ते जाणारच नव्हतं. साहेबांनी खिशातून 'ओके'ची हिरवी चिठ्ठी काढली आणि पिवळ्या क्रेटला चिकटवली. दोनशे चाळीस नग मोजून क्रेटसकट ट्रकमध्ये गेले. मी तोंड उघडलं नाही. मालकांनीही नाही.

ट्रक फाटकाबाहेर पडला आणि बाबगोंडा मिस्त्री मटकन खाली बसून हसायला लागले. "पोरी, आज चालतंयला नोकरी लागली गं!" मग सगळेच हसले. मालकांनी भडंग मागवलं. इतक्या चवीचं भडंग मी पुन्हा कधी खाल्लं नाही.

संध्याकाळी घरी जाऊन मी हा किस्सा आप्पांना सांगितला, साहेबांच्या वाचनाच्या नकलेसकट. आई ओसरीवर पावटे सोलत बसली होती, आप्पा समोर वेलोरा आणि निकीची दोन माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवून बसले होते. 'रनिंग' ऐकल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर ते हसले. मग डोळे पुसले आणि त्यांनी विचारलं, "मग त्यो पिवळा क्रेट एरवी कुठं जातोय?"

"पुन्हा दुरुस्तीला," मी म्हणाले.

मोठं झालेलं भोक दुरुस्त कसं होणार, हे एकतीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला सुचलं नसेल असं नाही. पण त्यांनी ते तिथंच सोडलं.

"आणि आता त्या बिजागऱ्या वेलोराला बसणार."

"बसतील."

"त्या साहेबाला फोन करून सांगितलंस तर?"

"आप्पा! ऑर्डर जाईल. कारखान्यात अठरा माणसं आहेत."

"ते खरं हाय," आप्पा म्हणाले. पण त्यांच्या पोटात काही राहत नाही. "मी ऑर्डरीचं बोलतच न्हाई. मला आपलं बघायचंय ती काय करत्यात. सहा आठवडं गाड्यांच्या खाली झोपालोय, पासष्ट हजार काय सापडंनात. पत्रा तोच, बिजागरी तीच, म्हंजे ते गाडीत न्हाईतच. चूक कळल्यावर कंपनी काय करतीया, तिथं असतील बघ. असलेच तर."

"म्हणजे तुमच्या कोड्यापायी पोरीनं नोकरी घालवायची," आई म्हणाली.

"मी कुठं घालव म्हणतोय? मी नुसतं विचारलं."

त्यांचं नुसतं विचारणं फार वाईट. ते एकदा कानात गेलं की मुक्काम ठोकतं. खरं सांगायचं तर मला सचोटीचा वगैरे काही झटका आला नव्हता. मला भीती वाटत होती, आणि ती चांगलीच वाटत होती. पण त्याच्या बरोबरीने मलाही आता बघायचं होतं.

शुक्रवारी सकाळी मालक केबिनमध्ये उदबत्ती लावत होते तेव्हा मी जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "साहेबांना कालचं सांगूया."

त्यांनी उदबत्ती खाली ठेवली. "पद्मा, बरं वाटत न्हाई का तुला?"

"लॉट परत येऊ शकतो अजून."

"अगं, दोनशे चाळीस नग. काय दारं पडणार हाईत?"

"पडणार नाहीत. उतरतील."

"कधी?"

"तीन वर्षांनी."

"तीन वर्षांनी कोण कुणाचं?" असं म्हणून ते हसायला गेले, पण हसू आलं नाही. त्यांनी खुर्ची ओढून घेतली. "वेलोराच्या जिवावर शेड बांधली मी. बँकेचा माणूस महिन्याला येतो. ऑर्डर तुटली तर पहिलं कुणाला घरी बसवायचं, बाबगोंडाला? त्याला पासष्ट होत आली. सांग की तू."

मी म्हणाले, "तीन वर्षांनी त्यांनी शोध घेतला तर चिठ्ठी मुरुगेसन साहेबांची सापडेल. आपली नाही. त्यांनी तर आपल्याला विचारलं होतं."

मालक बराच वेळ टेबलाच्या काचेखाली ठेवलेल्या देवाच्या फोटोकडं बघत राहिले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, हे मी आधी सांगायला हवं होतं. त्यांनी फोन उचलून माझ्यासमोर ठेवला. "तू कर. माझ्या तोंडानं रनिंग म्हटलंय. त्याच तोंडानं आता दुसरं काय सांगू?"

मी नंबर फिरवला. साहेबांना सगळं सांगितलं, चालतंयचा अर्थसुद्धा. तो सांगताना मात्र माझी जीभ अडखळली, कारण दुसऱ्या भाषेत सांगायला गेलं की त्या शब्दात काहीच उरत नाही. पलीकडून साहेबांनी एवढंच विचारलं.

"दबाने से जाता है?"

"हाँ."

"कुछ मत करना. मैं आता हूँ."

शनिवारी सकाळी व्हॅन आली. पिवळ्या क्रेटवरची हिरवी चिठ्ठी फाडलेली होती. दोनशे नऊ नग त्यात होते. उरलेले एकतीस आदल्या दिवशीच दारांना लागले होते. त्या गाड्या लाइनवरून बाजूला काढून, दारं उतरवून ते पुन्हा काढावे लागले होते. तेही साहेबांनी वेगळ्या पिशवीत आणले होते. साहेबांनी एकही पाटी वाचली नाही. स्टूल ओढलं, माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "चलो."

आम्ही दोघांनी दोनशे चाळीस नग एकेक करून तपासले. आधी हलक्या हाताने, मग दाबून. पण माझा अंगठा आणि त्यांचा अंगठा सारखा नव्हता. मी दाबलेला नग जायचा आणि त्यांनी दाबलेला तोच नग अडायचा. अर्ध्या तासाने त्यांनी काम थांबवलं. किराणा दुकानातलं एक किलोचं वजन मागवलं आणि ते गेजला बांधून टाकलं. आता कुणाचाच अंगठा लागणार नव्हता. वजनाने गेज गेला तर नग वाईट, नाही गेला तर चांगला. इतकी साधी गोष्ट तीन वर्षांत मला सुचली नव्हती, याची मला लाज वाटली आणि गंमतही वाटली. त्र्याण्णव नग चांगले निघाले, एकशे सत्तेचाळीस वाईट.

दुपारी त्यांनी मालकांना निर्णय सांगितला. गाड्यांची दारं उतरवायचा खर्च आमच्या बिलातून कापणार. तीन महिने ऑर्डर निम्मी. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि ती पास झाली तर पूर्ण. ऑर्डर मात्र तुटली नव्हती. कुणी घरी बसणार नव्हतं. आठवड्याला चार दिवस काम आणि चार दिवसांचा पगार, एवढ्यावर भागणार होतं. बाबगोंडा मिस्त्रींनी मला लांबूनच हात जोडले. ते आभार होते की राग, ते मला आजही सांगता येणार नाही.

निघताना साहेब मागच्या भिंतीपाशी गेले. तिथं दोन दिवसांत पुन्हा एक पिवळा क्रेट निम्मा भरत आला होता.

"ये कहाँ जाता है?"

"निकी," मालक म्हणाले.

"उनका आदमी कब आता है?"

"टेम्पो येतोय साहेब," बाबगोंडा मिस्त्री म्हणाले.

साहेबांनी क्रेटकडं बघितलं, मग माझ्याकडं. "वो मेरा काम नहीं है," ते म्हणाले, आणि व्हॅनमध्ये जाऊन बसले.

घरी आप्पा माझी वाट बघत फाटकात उभे होते. त्यांना सगळं इत्थंभूत हवं होतं. व्हॅन किती वाजता आली, गाड्या किती थांबवल्या, दारं उतरवायला किती माणसं लागली असतील, वजन एक किलोच का, दीड का नाही. मी जे माहीत होतं ते सांगितलं. साहेबांनी शेवटी विचारलेला प्रश्न तेवढा सांगितला नाही. आप्पा ऐकत होते आणि त्यांचा चेहरा असा खुलत होता की जणू नातू झाला.

"सापडलं!" ते आईला म्हणाले. "पासष्ट हजार सापडलं बघ."

म्हणजे वेलोरा घेणार, असं मी धरून चालले. आईनेही तसंच धरलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. आप्पा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले आणि अकराच्या सुमाराला पेढ्यांचा पुडा घेऊन आले. बुकिंगची पावती आईच्या हातात दिली, पेढा माझ्या तोंडात घातला.

"कुठला रंग घेतला?" आईने विचारलं.

"पांढरा. निकी."

माझ्या तोंडात पेढा तसाच राहिला. "निकी?"

"मग काय तर!"

"आप्पा, तुम्हीच तर म्हणालात पासष्ट हजार सापडले."

"सापडलं की. म्हणून तर निकी घेतली." ते खुर्चीवर नीट मांडी घालून बसले. सहा आठवड्यांचं उत्तर सांगायचं होतं, त्यांना घाई नव्हती. "हे बघ. ते पैसे पत्र्यात न्हाईत, आवाजातबी न्हाईत. ते त्या साहेबाच्या पगारात हाईत, त्याच्या व्हॅनीत हाईत, ती दारं उतरवून परत लावायच्या मजुरीत हाईत. वेलोराला असला माणूस ठेवावा लागतोय. का? तर बिजागरी तपासणारी पोरगी कोण हाय, कशी हाय, हे त्यांना काय माहीत? त्यांच्या जागी ते बरोबर हाईत. किंमत वाजवी हाय, मी कुणालाबी सांगीन. पर मला माहीत हाय की ती पोरगी कोण हाय. नोकरीवर पाणी सोडून फोन करणारी पोरगी हाय ती. निकीची बिजागरीबी तीच बघतीया. मग घरचं माणूस असताना बाहेरच्या माणसाचा पगार मी कशाला भरू?"

आई हसली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्या कुठल्या तरी हिशेबावर खूश झालेली मी बघितली. आणि मला त्या दोघांसमोर उभं राहवेना.

मी पेढा कसाबसा गिळला. "आप्पा, पिवळा क्रेट दुरुस्तीला जात नाही."

"मग?"

"निकीला जातो. सगळा. तीन वर्षं. कागदावर सही मी करते."

आप्पांनी मांडी सोडली. पाय खाली घेतले. ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ते कधी ओरडायचे नाहीत. काही नवं कळलं की त्यांच्या कपाळावर जी आठी पडायची, तीच पडली होती. फक्त या वेळी ते माझ्याकडं बघत नव्हते.

"म्हंजे निकी स्वस्त हाय," ते सावकाश म्हणाले, "ती तू केलीयास व्हय?"

मला रडू फुटलं. मी म्हणाले, तिथं कुणी विचारत नाही. मी म्हणाले, सगळे असंच करतात. मी म्हणाले, बुकिंग मोडूया, आत्ता जाऊया, मी येते बरोबर, वेलोरा घेऊया, वरचे पासष्ट हजार मी पगारातून देते. जे जे तोंडाला आलं ते बोलून टाकलं. आई मधे पडायला बघत होती, आप्पांनी तिला हाताने थांबवलं.

"मोडायचं कशाला?" ते म्हणाले. त्यांनी आईच्या हातातली पावती घेतली, चष्मा लावला आणि तारीख वाचली. "गाडी दोन महिन्यांनी मिळणार हाय. म्हंजे माझ्या बिजागऱ्या अजून व्हायच्यात."

एवढं बोलून ते उठले आणि शेजाऱ्यांना पेढे द्यायला गेले.

सोमवारी मी साहेबांचं एक किलोचं वजन घेऊन पिवळ्या क्रेटपाशी बसले. मालक धावत आले. निम्म्या ऑर्डरीत आधीच नुकसान, त्यात निकीचेही नग भंगारात काढायला लागलीस तर शेडला कुलूप लागेल, म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. मी म्हणाले, दोन महिने तरी मला बघू द्या. निकीवाले विचारतसुद्धा नाहीत, ते म्हणाले. मी म्हणाले, माझ्या वडिलांनी निकी बुक केलीय.

मालक मागच्या दाराने घरात गेले. थोड्या वेळाने मालकीणबाईंनी चहा पाठवला.

निकीला दिवसाला आठशे नग जायचे. त्यातले कुठले आप्पांच्या गाडीला लागणार, हे कळायला काही मार्ग नव्हता. त्यामुळे मला सगळेच बघावे लागले.